टेम्पोला हळद कुणाची

माझी मोठी जाऊ वाईट असती तर माझं आयुष्य किती सोपं गेलं असतं! उठता-बसता भांडले असते, आळीतल्या चार बायका माझ्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या आणि रात्री मी निवांत झोपले असते. पण बाई चांगली होती. मला ताप आला तर उशाशी बसायची, माझ्या पोरांना आधी वाढायची, वर माझ्यापेक्षा गोड बोलायची. अशा माणसावर जळायचं तर एकटीनेच जळावं लागतं. सांगणार कुणाला? ऐकणारा आपल्यालाच वेड्यात काढतो.

आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या आळीत. सासऱ्यांची मोठी होडी होती आणि तिच्यावर थोरले दीर तांडेल. म्हणजे होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. माझा नवरा धाकटा. आणि माझ्या नवऱ्याला समुद्र लागायचा.

हसलात ना? सगळेच हसायचे. किनारा दिसेनासा झाला की त्याच्या पोटात ढवळायचं आणि मग दिवसभर होडीच्या काठावर मान टाकून ओकत बसायचा. आमच्या आळीत माणसाने दारू प्यायली तर चालायचं, बायकोवर हात उचलला तरी लोक कानाडोळा करायचे, पण मच्छीमाराचा मुलगा होडीत ओकला तर त्याचं नाव जन्मभर निघायचं. मी पलीकडच्या झाई गावची. माझ्या बापाला हे लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. शेवटी सासऱ्यांनी त्याला होडीवर न्यायचंच सोडलं. मग तो जाळी विणायचा, बैलगाडीतून मासळी स्टेशनवर पोचवायचा, आणि बाकीच्या वेळी आम्हा बायकांत बसून बांबूंवर बोंबील वाळत घालायचा. होड्या परत आल्या की जाऊ किनाऱ्यावर ताठ मानेने उभी असायची, तांडेलाची बायको म्हणून. मी मागे, टोपली घेऊन.

आमच्याकडे एक रीत होती. होडी बांधायला घेतली की आधी तळाचं लांब लाकूड ठेवतात. त्याला घरच्या सुनेने हळद लावायची. पुढे त्यावर फळ्या चढतात, रंग चढतो, हळद कुठे दिसतही नाही. पण ज्या बाईच्या हातची हळद, तिची ती होडी, असं सगळे मानतात. आमच्या होडीला हळद जावेने लावली होती, मी लग्न होऊन यायच्या आधी. होडी भरून आली की लोक म्हणायचे, मोठीचा हात चांगला. रिकामी आली तर? तर वारा वाईट. चांगलं झालं की मोठीचा हात आणि वाईट झालं की वारा! मी मनात म्हणायचे, अरे, कधीतरी त्या वाऱ्यालाही श्रेय द्या की.

महाराष्ट्र होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. डहाणू रोडला गवताच्या गाठी मुंबईला नेणारे ट्रक उभे असायचे. मासळी पोचवून झाली की माझा नवरा तिथे रेंगाळायचा. एका ड्रायव्हरशी त्याची गट्टी जमली आणि घरात कुणाला कळायच्या आत तो गाडी शिकला. लायसन घेऊन घरी आला तेव्हा मला आधी वाटलं, हा काय कागद दाखवतोय. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं. गाडीत त्याला काही होत नव्हतं. ना ढवळायचं, ना गरगरायचं.

सासरे हिशेबी होते. बैलगाडी पोचेपर्यंत मासळी मऊ पडायची. गाडी असली तर स्टेशनवरच काय, रानशेत, चारोटी, तलासरीच्या बाजारांपर्यंत ताजी मासळी जाईल, असं त्यांच्या डोक्यात आलं आणि त्यांनी तीन चाकांचा टेम्पो घ्यायचा ठरवला. चालवणार अर्थातच धाकटा.

मला आकाश ठेंगणं झालं. होडी तिची ना? असू दे. टेम्पो माझा. त्याला हळद मी लावणार आणि आळीतली तोंडं गप्प होणार. मी सासूला तसं सरळ सांगितलं. सासू म्हणाली, "बघू." आमच्या सासूचं बघू म्हणजे नाही.

तसंच झालं. जेवताना सासरे म्हणाले, "मोठीचाच हात लागू दे. घरातली पहिली गाडी आहे." जाऊ म्हणाली, "बाबा, या खेपेला धाकटीला लावू द्या ना." माझ्यासाठी ती रदबदली करत होती! सासऱ्यांनी नाही म्हणून मान हलवली. विषय संपला.

आता पुढची गंमत ऐका. सासरे होडी बांधताना पहिल्या दिवसापासून सुतारांच्या डोक्यावर बसले होते. लाकूड निवडण्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत. त्यांनी सरळ जाहीर केलं, "आपली गाडी बांधतील तेव्हा आपण तिथे नको? डोळ्यांदेखत बांधली नाही ती वस्तू आपली कशी?" स्टेशनजवळच्या बर्फाच्या कारखान्याचे शेठ आमचे जुने ओळखीचे. ते पोट धरून हसले. "अरे काका, ए तो मोटुं कारखानुं छे. ते काय किनाऱ्यावर बसून गाडी बांधतात?" पण सासरे हट्टाला पेटले. शेठचा भाचा मुंबईच्या त्या टेम्पोच्या कारखान्यात कामाला होता. शेठने त्याला सांगून ठेवलं आणि आमची वरात निघाली: सासरे, माझा नवरा, आम्ही दोघी जावा.

होडीच्या सुतारांना घरचं जेवण द्यायची पद्धत. म्हणून जावेने पहाटे उठून टोपलीभर तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेले बोंबील घेतले, गाडी बांधणाऱ्यांसाठी. हळदीची डबी तिच्या हातात. मीही हळद घेतली होती. लुगड्याच्या पदराला गाठ मारून, कुणाला न सांगता. ती डबी उघडेपर्यंत मी माझं बोट लावून मोकळी होणार होते. एकदा लागली की लागली. मग काय पुसून काढतात का बघू.

कारखान्यात शिरलो आणि माझ्या कानठळ्याच बसल्या. एवढी लांब शेड मी कधी पाहिली नव्हती. लोखंडी सांगाडे एकामागे एक ओळीने उभे. एक माणूस चाक बसवतो, सांगाडा पुढे सरकतो, पुढचा माणूस आणखी काहीतरी बसवतो. शेठचा भाचा, पॅन्ट-शर्टातला पोरगेलासा साहेब, तोंडाशी हात धरून ओरडून सांगत होता. सासऱ्यांनी टोपी नीट केली आणि मोठ्याने विचारलं, "आमची कुठली?"

"काका, अजून तुमची कुठलीच नाही," तो म्हणाला. "सगळ्या सारख्याच. तुमचा नंबर लागेल त्या दिवशी जी तयार असेल ती तुमची."

सासऱ्यांना वाटलं, पोराला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. सासरे ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. "मग आम्ही आलो कशाला?" एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. जाऊ हातात डबी घेऊन उभी, हळद कशाला लावायची ते कळेना.

मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. बरं झालं! कुणाचीच नाही ना? मग कुणाचाच हात नाही. माझा नवरा तर आमच्यात नव्हताच. तो एका तयार होत आलेल्या टेम्पोशी वाकून सगळं निरखत होता. तिथल्या एका कामगाराने त्याला काहीतरी विचारलं, यानेही ऐटीत उत्तर दिलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला चारचौघांत असं ताठ उभं राहिलेलं बघत होते. मी ठरवलं, त्याने हात ठेवलाय तीच गाडी. मी पदराची गाठ सोडायला लागले. मेली सुटता सुटेना, घामाने घट्ट बसलेली.

तेवढ्यात जावेचा आवाज आला. "भाऊ, सगळ्यांना लावली तर चालेल का?"

शेठच्या भाच्याने मुकादमाकडे बघितलं. मुकादम हसला, म्हणाला, "लावा, लावा. फक्त हात सांभाळा."

आणि ती निघाली. टोकापासून सुरुवात. डबीत बोट, बोट लोखंडाला, क्षणभर डोळे मिटायचे, की पुढची. कामगार काम थांबवून बाजूला व्हायला लागले. एका म्हाताऱ्याने तर डोक्याचा रुमाल काढून हात जोडले. माझा नवरा म्हणाला, "वहिनी, लोकांच्या गाड्यांना कशाला?"

"कुणीतरी बसणारच ना त्यांत," ती म्हणाली.

झालं! सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच, आमच्या आळीत मी रोज बघायचे ते. केवढं मन बाईचं! आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. हिला कळतंय का हिने काय केलं? आता कुठलीही निघू दे, कुठल्याही नंबरची, कुठल्याही दिवशी, हळद हिचीच. मी गाठ सोडून त्या गाडीपाशी गेले तर तिथेही पिवळं बोट उमटलेलं. मी तशीच मागे फिरले.

दुपारी तिने कामगारांना भाकरी आणि बोंबील वाढले. लोक बोटं चाटत होते. सासऱ्यांनाही जरा बरं वाटलं, "कारागीर चांगले आहेत," म्हणाले. परतताना आगगाडीत जावेचं लक्ष माझ्या पदराकडे गेलं. हळद सांडून सगळा पदर पिवळा झाला होता. तिने बघितलं, मग खिडकीबाहेर बघत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी भांडायला तयारच होते.

नंबर लागला तेव्हा टेम्पो आणायला माझा नवरा एकटा मुंबईला गेला आणि स्वतः चालवत घेऊन आला. हिरवा रंग, समोर एकच दिवा. चारोटीवरून वळून आळीत शिरेपर्यंत मागे पोरांची झुंड लागली होती. ज्यांनी त्याला ओकारीवरून चिडवलं होतं ते सगळे टेम्पोभोवती फिरून हात लावून बघत होते. होडी त्या दिवशी समुद्रावर होती, थोरले दीरही तिच्यावर. वारा जरा जास्तच होता.

सासू आरतीचं ताट घेऊन आली आणि जावेला म्हणाली, "लाव गो हळद."

जावेने माझं मनगट धरून मला पुढे ओढलं. "ही लावेल. माझी कारखान्यातच लागलीय."

"बघा, मोठीचं मन बघा," मागून कुणीतरी म्हणालंच. माझी हळद, त्यातही कौतुक तिचं! मी हात हिसडला आणि दात-ओठ खात तिच्या कानाशी म्हटलं, "उपकार नकोत मला, बाय. तुमचीच गाडी आहे, तुम्हीच लावा."

ती ताटातली वात नीट करायला वाकली. इतकी हळू बोलली की फक्त मलाच ऐकू यावं. "उपकार कसले गो? मला तुझा हेवा वाटतो. होडीला हळद लावली त्या दिवसापासून वारा सुटला की माझा जीव थाऱ्यावर नसतो. सगळे म्हणतात, तिचा हात. उद्या होडी परत नाही आली तर तोही माझाच हात ना? तुझा माणूस ओकतो म्हणून तुझ्याजवळ आहे. आता तर गाडीवर बसला. रोज घरी येईल."

मला तिची कीव यायला हवी होती. ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्या सगळ्यांनी हेच म्हटलं. पण खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. असा आनंद मला लग्नात झाला नव्हता, मुलगा झाला तेव्हा झाला नव्हता. मोठी, तांडेलाची बायको, चांगल्या हाताची, सगळ्या आळीची लाडकी, आणि माझ्यावर जळत होती! ज्या नवऱ्यापायी मी मान खाली घालून फिरले त्याच्यापायी!

"काय म्हणालात?" मी म्हटलं. "ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं, शब्द न् शब्द. मला पुन्हा ऐकायचं होतं.

ती सरळ झाली. "काही नाही. लाव हळद, वात विझेल."

मी बोटाने नाही, अख्ख्या पंजाने हळद लावली.

त्यानंतर कितीदा तरी वारा सुटला. होड्या बाहेर असायच्या आणि आम्ही दोघी ओट्यावर बोंबील निवडत बसायचो. बाजाराची फेरी करून आलेला माझा नवरा आत आडवा पडलेला असायचा. मी मुद्दाम म्हणायचे, "काय घोरतो हो हा, बाय. कान किटले माझे." मग हातातलं काम थांबवून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. ती समुद्रावरची नजर काढायची नाही. ते वाक्य ती मला परत कधीच म्हणाली नाही.