कळकलेलं ताक

मी स्वभावानेच भित्री. उगाच घाबरते म्हणून घरातले हसतात. लेकीच्या लग्नात मात्र घाबरायला खरंखुरं कारण मिळालं.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नाच्या कढीसाठी घरोघरचं ताक येतं आणि गावाच्या मोठ्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, जमा होतं. आता स्टीलची भांडी भाड्याने मिळतात, पण थोरल्या जाऊबाईंना गंजच हवा होता. आदल्या दिवशी त्यांनी तो चिंच आणि राखेने असा घासला की त्यात तोंड दिसावं. कल्हईवाला गावात येईनासा झालाय. उरलीसुरली कल्हईही त्या घासण्यात गेली. त्यात ताक रात्रभर राहिलं.

सकाळी झाकण काढलं. ताकाच्या कडेने हिरवट-निळी रेघ धरली होती. बोट बुडवून चाखलं तर जीभ तुरट झाली; ताक कळकलं होतं. आंबट उघड्या पितळेला खातं आणि ते पितळ मग आपल्या पोटात जातं, हे मी माहेरीच ऐकलेलं. मी गंज कलता केला.

"काऊन ओतून राह्यली वो?" जाऊबाई धावल्या. "नवरीनं त मंगाच गिलासभर पेलं. उपाशी होती, चक्कर येत होती तिले. काई झालं का?"

तरी मी सगळं ताक गोठ्यामागे ओतलं. जाऊबाई फुगून बसल्या, पंगत वरणावर भागली.

लग्न लागताना सगळे अक्षता टाकत होते, मी लेकीचे ओठ बघत होते. ती पिवळी पडली होती, की हळदीमुळे तशी वाटत होती? मध्ये ती दोनदा आत जाऊन आली. विचारलं तर म्हणाली, "पिन टोचून राह्यली, आई." माझा विश्वास बसला नाही. पण भरल्या मांडवातून नवरीला दवाखान्यात कसं न्यायचं?

निरोपाच्या वेळी बाया रडू लागल्या. मी तिला मिठी मारून कानात विचारलं, "पोटात दुखते का तुले?"

"दोनदा उलटी झाली," ती हळूच म्हणाली. "आता बरी हाओ. तुले सांगतलं असतं त तू लगन थांबवलं असतं."

थांबवलंच असतं! गाडी निघाली तेव्हा कुठे मला रडू फुटलं. माझ्यापासून दुखणं लपवायला ती आजच शिकली होती. आता तिकडे काही दुखलंखुपलं, तर मला कोण सांगणार होतं?