पास्कूबाबांची मेणाची शेगडी

आमच्या वाडीच्या तिठ्यावर एक क्रूस आहे. तिथे लोक मेणबत्त्या लावतात. विझून राहिलेली थोटकं पास्कूबाब दर सोमवारी पिशवीत भरून न्यायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेले हे आमचे शेजारी. "देवाचं मेण घरी नेता?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "देव खंय थंडीन कुडकुडता, मास्तरांनू?"

त्या हिवाळ्यात कुडकुडत होती माझी पत्नी, सुमती. उपचारांनी तिची बोटं बधिर झाली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. ते तिलाही कळलं असावं. मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि नातवंडाची गोधडी तिला स्वतःच्या हाताने पुरी करायची होती. अंगात जोर असायचा तो सकाळी तासभर. नेमका तेव्हाच डोंगराकडून मतलई वारा यायचा आणि बोटांतून सुई गळायची. विजेचा हीटर लावला की फ्यूज उडे.

पास्कूबाबांनी कट्टा गावच्या बाजारातून मातीच्या दोन कुंड्या आणल्या. मोठीच्या पोटात लहान, दोन्ही पालथ्या, तळाच्या भोकांतून एक जुना बोल्ट. तीन विटांवर ते सगळं ठेवून खाली पत्र्याच्या ताटलीत थोटकं वितळवून केलेले चार दिवे लावले. थोड्या वेळाने टक्क आवाज झाला आणि मोठी कुंडी तडकली. बोल्ट फार आवळला होता.

"माती तापली काय फुगता. तिका जागा व्हयी," ते स्वतःवरच चिडले. "इंजिनान जन्मभर ह्याच शिकवल्यान, आणि मी इसारलंय!"

दुसऱ्या दिवशी नवी कुंडी आली. मी शाळेत विज्ञान शिकवलेलं, राहवलं नाही. म्हटलं, "पास्कूबाब, कुंडी घातल्याने मेणबत्तीची उष्णता वाढत नाही."

"वाढणा नाय ओ. थांबता. वयनीच्या हातांक तितक्या पुरे."

खोली काही तापली नाही. पण कुंडीजवळ हात धरला की सुमतीची बोटं मोकळी व्हायची. खिडकी ते वीतभर उघडी ठेवायला लावत. "आगीकय स्वास व्हयो, माणसाकय." आणि दिवे जळत असेपर्यंत स्वतः शेजारी बसून राहत.

"पास्कूबाब, हेच्यावर चाय ठेवली तर होतली काय?" सुमती टोमणा मारी.

"होतली तर! संक्रांतीक ठेवा, शिगम्याक पिया."

असे एकवीस-बावीस दिवस गेले. एका सकाळी शेवटचा कोपरा उरला. सुमतीने सुई त्यांच्यापुढे धरली. "हयसर तुमी घाला."

"माका जाळ्याची गाठ येता गो वयनी, गोधडयेचो टाको खंय येता!"

"मगे गाठ घाला."

चष्मा पुसून, श्वास रोखून त्यांनी ती घातली. जाड, वेडीवाकडी. सुमतीने त्यावरून बोट फिरवलं आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसली. नातीला तिने त्या गोधडीत एकदाच पाहिलं.

बऱ्याच वर्षांनी, गेल्या महिन्यात पास्कूबाबही गेले. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, गोधडी धुऊन धुऊन विरली हो. आईचे टाके उसवले, मी नवे घातले. ती गाठ मात्र तशीच आहे."