सात सदऱ्यांचे फोटो

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. घरच्या बाईलाही नाही. देवाला ठाऊक असेल, पण त्यालाही मी आपण होऊन सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो आहे — कारण तुम्ही काही माझ्या दुकानात सौदा घ्यायला येत नाही.

केशोरीला माझं किराणा दुकान आहे. उभा जन्म गावाला टूथपेस्ट विकली. आणि माझी एकुलती लेक मेघा, तिनं पाळलेल्या कुत्र्याचे, भुऱ्याचे, रोज संध्याकाळी ब्रशनं दात घासायची. हसलात ना? मीही हसायचो.

मे महिन्यात तिचं लग्न झालं, आमगावला. हळदीच्या अंगानं तिनं मला ओट्यावर बसवलं आणि शिकवलं — ओठ असा वर उचलायचा, मागच्या दाढा आधी, ब्रश तिरपा धरायचा. पेस्ट कुत्र्याचीच, कोंबडीच्या वासाची. आपली चालत नाही, कारण कुत्रं थुंकत नाही, गिळून टाकतं. मी वचन दिलं. मांडवात जावयानंही इतक्या गंभीर चेहऱ्यानं दिलं नसेल.

पहिल्याच संध्याकाळी ब्रश घेऊन ओट्यावर आलो, तर समोरच्या पानठेल्यावरचे तिघे माझ्याकडेच बघत होते. ब्रश खिशात घातला. एवढंच. लाज वाटली — आणि दुसऱ्या दिवशी लाजेच्या मदतीला आळस धावून आला. त्या दोघांची जोडी जमली की माणूस काय करतो?

मी काय केलं, ते आता सांगतो. पावसाळा लागल्यावर मेघानं फोनवर सांगितलं, बाबा, आता दर रविवारी घासतानाचा एक फोटो पाठवा. एका दुपारी घरची भाताच्या रोवण्याला बांधीत, म्हणजे शेतावर, गेली होती. मी दार लोटलं, ब्रश काढला आणि एकेक सदरा बदलून सात फोटो काढले. पांढरा, निळा, चौकड्यांचा... सातवा तर लग्नात घातलेला, अत्तराचा वास अजून न गेलेला. मी आत-बाहेर करतोय आणि भुऱ्याला वाटतंय, हा काही खेळच आहे. दर सदऱ्याला तो नव्यानं शेपटी हलवत होता. सात फोटो, सात रविवार. भिंतीवरची उन्हाची तिरीप साती रविवार एकाच जागी होती, पण बापाच्या फोटोत ऊन कोण बघतं? आठव्या रविवारी तिनं मागणंच सोडलं. भरवसा बसला होता.

दिवाळीच्या सुमारास भुऱ्यानं खाणं सोडलं. गावानं लगेच निदान केलं — पोरीचा विरह. बाया त्याला बघायला यायच्या, कुणी सुकट आणायची, कुणी भात कालवून. तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. लाळ गळायची, तर म्हणायच्या, बघा, रडून राहिला बिचारा. आणि मी? मी तिखटमीठ लावून हीच कथा गिऱ्हाइकांना सांगत होतो. त्याच्या तोंडाचा वास मला येत होता. तो पंजानं जबडा चोळायचा, तेही मी बघत होतो. आठ दिवस तो नुसत्या पेजेवर होता, आणि मला ते माहीत होतं.

मेघा धावत आली. भुऱ्यानं उड्या मारमारून अंगण डोक्यावर घेतलं, पण तिच्या हातचं बिस्किटही तोंडात धरवेना. तिनं त्याचा ओठ वर केला, दाढा किडलेल्या, हिरड्या सुजलेल्या — आणि विरहाची कथा तिथंच संपली.

गोंदियाच्या डॉक्टरांनी त्याला भूल देऊन चार दात काढले, बाकीच्यांवरचा थर खरवडला. म्हणाले, "रोज ब्रश करते, तो ये नौबत नहीं आती."

मी बोलायला तोंड उघडलंही होतं. पण मेघा आधी बोलली. "बाबा रोज घासत होते, डॉक्टर. माझ्यापाशी फोटो आहेत. मीच त्यायले बरोबर नाही शिकवलं."

आणि मी तोंड मिटलं. खरं सांगायची तीच ती जागा होती. तिच्या डोळ्यात पाणी होतं आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

चौथ्या दिवशी भुऱ्यानं मच्छीचा रस्सा कालवलेला भात असा चाटला की भगोणं गडगडत अंगणाच्या टोकाला गेलं आणि तो त्याच्या मागं. आम्ही तिघं पोट धरून हसलो. इतका आनंद मला दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता, खरंच सांगतो.

आता मी रोज संध्याकाळी घासतो. उघड्या ओट्यावर, साऱ्या गावासमोर. पानठेल्यावरून हाक येते, "काऊन गा शेठ, आपले घासले काय आज?" मी म्हणतो, रांगेत या, तुमचेही घासतो. पेस्टचं झाकण उघडायचा आवाज आला की भुऱ्या असेल तिथून पळत येतो आणि आपणच जबडा वर करतो. आता गावातली आणखी दोन कुत्री ओट्यावर येतात. त्यांच्या मालकांना मी शिकवतो — मागच्या दाढा आधी, ब्रश तिरपा. मजा येते हो. इतकं सोपं होतं ते.

मेघाच्या सासरी बैठकीत एक फोटो चौकटीत लावला आहे. निळ्या सदऱ्यातला मी, हातात ब्रश, शेजारी भुऱ्या. तिची सासू पाहुण्यांना कौतुकानं दाखवते, "लेकीसाठी कुत्र्याचे दात घासते, असा बाप पाहिला काय कुठी?" मेघा कप घेऊन दारात उभी असते, हसत. मागच्या खेपेलाही होती. मी त्याच फोटोखाली बसून चहा प्यायलो, वर दुसरा कप मागितला.

त्या फोटोतला ब्रश कोरडा आहे. मेघानं मला बरोबरच शिकवलं होतं.