मच्छिंद्रची अमर्याद परवानगी

शहागडला हायवेवर मच्छिंद्रचं टायरचं दुकान आहे. माणूस भारी सावध. बायको नंदाबाईने दुधाला पैसे मागितले तरी कालचं दूध कुठे गेलं हे आधी विचारतो.

मागच्या वर्षी नंदाबाईने माहेरून मिळालेल्या दोन म्हशी विकल्या. तिला ट्रकवाल्यांसाठी खानावळ काढायची होती. ते पैसे मच्छिंद्रने ‘वाढवायला’ घेतले आणि मोबाइलवरच्या पाकिटात क्रिप्टो म्हणतात तसली डिजिटल टोकन घेऊन ठेवली. मग ती टोकन फिरवून आणखी वाढवून देणारं एक ॲप कुणीतरी सुचवलं. ॲपने विचारलं, तुमच्या पाकिटातली किती टोकन आम्ही वापरायची? मच्छिंद्रने ‘अमर्याद’ निवडलं. पुढच्याला दर वेळी विचारायला लावणं त्याला हलकेपणाचं वाटलं. व्यवहार विश्वासावर चालतो, असं तो त्या दिवशी जेवताना म्हणाला. नंदाबाई भाकरी थापत होती.

पुढे त्या ॲपबद्दल वाईटसाईट ऐकू यायला लागलं. मच्छिंद्रने भावकीत करतात तेच केलं. बांधावरून चुलतभावाशी बिनसलं तेव्हा त्याने बोलणं आणि जाणंयेणं तोडलं होतं, आणि विषय संपला होता. तसंच ॲप मोबाइलमधून काढलं, त्यांचा नंबर ब्लॉक केला आणि आता आपला त्यांचा संबंध नाही, असं चार लोकांत सांगूनही टाकलं.

एका सकाळी पाकीट रिकामं.

जालन्याला कॉलेजात शिकणाऱ्या आकांक्षाने, त्याच्या मुलीने, मोबाइल हातात घेतला. परवानगी मोबाइलमध्ये नव्हतीच. ती टोकनच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत होती आणि रद्द करेपर्यंत चालूच राहणार होती. तिच्यावरच ॲपवाल्यांनी सगळी टोकन उचलली होती.

“पप्पा, तुमी नुसतेच रुसून बसले. दिलेलं माघारी घेतलंच न्हाई.”

मच्छिंद्रने जमान्याला दोष दिला, मोबाइल कंपनीला दिला, शेवटी म्हशी विकायच्या घाईला दिला.

नंदाबाई शेजारच्या ढाब्यावर पोळ्या लाटायला जाऊ लागली. पहिला पगार तिच्या खात्यात आला तेव्हा मच्छिंद्रचा आवाज एकदम मऊ झाला. तुला बँकेतलं काय कळतं, कोऱ्या चेकवर सह्या करून ठेव, मी बघतो, म्हणाला. वर विचारलं, “माझ्यावर इस्वास न्हाई का?”

“हाय की,” नंदाबाई हाताचं पीठ झाडत म्हणाली. “पर खानावळ निघूस्तोर सही न्हाई. निघाली की या जेवायला. गल्ल्यावर मीच असंल.”