गुणाचा पाय, कोंडाबाईचा हात

निपाणीत बिडी वळणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण कोंडाबाईसारखी बोटं कुणाची चालत नसत. सूप मांडीवर घेतलं की पान कापणं, जर्दा भरणं, वळून सुतानं बांधणं, सगळं बोलता बोलता व्हायचं. धाकटी जाऊ गुणाबाई तिच्याकडूनच शिकली आणि कायम तिच्या मागं राहिली. कोंडाबाईला ते बरं वाटायचं.

अठ्ठ्याहत्तर साली संकेश्वरचं लग्न उरकून दोघी टेंपोतनं परत येत होत्या. तवंदीच्या घाटात समोरनं आलेल्या ट्रकनं टेंपो उडवला. गुणाचा डावा पाय गुडघ्याखाली तोडावा लागला. कोंडाबाईचा उजवा हात टेंपोच्या फळीखाली सापडला. हाडं जुळली, जखम भरली, हात दिसायला धड झाला. बोटं मात्र मिटेनात. आज ना उद्या मिटतील म्हणून ती वाट बघत राहिली आणि नुकसानभरपाईचा दावा घालायला तिला उशीर झाला.

गुणाचा निकाल आधी लागला. बेळगावच्या कोर्टात तुटलेला पाय बघून कुणी फार विचारलंच नाही. आलेल्या पैशातनं तिनं घरावर मंगलोरी कौलं घातली आणि दारात बसून पुन्हा बिड्या वळायला लागली.

कोंडाबाईचं घर समोरच. सकाळी दार उघडलं की ती लाल कौलं डोळ्यांत खुपायची. गल्लीतल्या बायका "बिचारी गुणा" म्हणत तिचं पाणी भरून द्यायच्या. कोंडाबाईला कोण बिचारी म्हणणार? तिचा हात तर धड दिसत होता. एकदा चूल पेटवताना तिच्या मनात आलं, हाताच्या बदली आपला पायच गेला असता तर. तिची तिलाच भीती वाटली, पण विचार काही हटला नाही.

पुढं तिची केस उभी राहिली. पायगोंडा वकील म्हणाले, "मावशी, हात कामातनं गेला हे सांगायला तुमच्याबरोबर बिड्या वळलेलं कोणतरी पायजे. जावेला आणा."

"तिला नको."

"मग केस टिकायची न्हाय."

तरी कोंडाबाईची जीभ रेटली नाही. शेवटी वकिलांनीच निरोप धाडला. तारखेला गुणा कुबड्या घेऊन बसस्टँडवर हजर.

"आक्का, तू का सांगितलं न्हाईस गं मला?"

कोंडाबाई बसच्या पाटीकडं बघत राहिली.

कोर्टात ट्रकच्या विमा कंपनीचा वकील म्हणाला, हात तर जागेवर आहे. जज्जसाहेबांनी कन्नडमधून विचारलं, बिडी कशी वळतात ते दाखवाल का? गुणानं पिशवीतनं पानं आणि जर्दा आणला होता. कोंडाबाईनं पान धरलं. जर्दा लुगड्यावर सांडला, पान फाटलं. मग वकिलांनी गुणाला वळायला सांगितलं. तिची बोटं पळायला लागली. अंगठ्याची ती मुरड कोंडाबाईनंच शिकवलेली. सगळे गुणाच्या हातांकडं बघत होते. हे आपल्याच भल्यासाठी चाललंय, हे कळत असूनही कोंडाबाईला ते बघवेना.

"हिच्या निम्म्यानंबी माझ्याच्यानं व्हत नव्हतं, सायेब," गुणा म्हणाली. "आता मी वळाय बसले की ही दार लावून घेती."

कोंडाबाईनं मान खाली घातली. तिला वाटलं होतं, हे कुणाला ठाऊक नाही.

निकाल कोंडाबाईच्या बाजूनं लागला. रक्कम गुणाच्या पायापेक्षा कमीच होती. त्यात तिनं दारात भाजी मांडली, डाव्या हातानं तागडी धरायला शिकली. गुणा वांगी घ्यायला आली की कोंडाबाई तागडी मुद्दाम झुकती धरायची. "आक्का, घटकाभर ये की बसायला," गुणा म्हणायची. "येते की," कोंडाबाई म्हणायची. ती कधी गेली नाही. त्या हातांजवळ बसणं तिला शेवटपर्यंत जमलं नाही.