अकरा वेळा सालेर्नो

जगात कुठं काय बिघडणार आहे हे बिघडायच्या आधी ज्याला कळतं असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला; आणि आपण स्वतः काय बिघडवून ठेवलंय हे ज्याला सगळ्यांच्या शेवटी कळतं, असा माणूसही तोच. आम्ही सगळे त्यांना चीफ म्हणतो. मालवाहू जहाजांवर बत्तीस वर्षं इंजिन रूममध्ये काढून, शेवटी चीफ इंजिनियर होऊन ते निवृत्त झाले आणि इथं परदेशातच, पाया लेबार भागातल्या फ्लॅटमध्ये स्थिरावले, पण त्यांच्या डोक्यातलं इंजिन काही बंद झालं नाही. लिफ्टमध्ये शिरण्याआधी दाराला कान लावतात. गुडघे धड होते तोवर "बेअरिंग गेलंय," एवढंच म्हणून नऊ मजले जिन्यानं चढायचे. मी ज्या खानावळीत आचारी आहे तिथं, लिटिल इंडिया या आपल्या लोकांच्या वस्तीत, ते दर रविवारी जेवायला येतात, पण मधल्या पंख्याखाली कधी बसत नाहीत. "पडणार तो," म्हणाले. मी घाबरून विचारलं, "कधी, चीफ?" "ते मी कसं सांगू? त्यालाच विचार." सात वर्षं झाली. पंखा फिरतोय, चीफ कोपऱ्यात बसतायत, आणि मी त्या पंख्याखालून ताटं घेऊन जाताना अजून मान खाली घालून पळतो.

कारण मी मुळातच भित्रा माणूस. आठवीत शाळा सुटली, ती परत धरलीच नाही. त्यामुळे शिकलेल्या माणसानं काही सांगितलं की मला ते कायद्यासारखं वाटतं. त्यात परदेशात राहायचं. इथला माझा पास, म्हणजे कामाचा परवाना, नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की मी थेट मिरजेच्या गाडीत. तिकडं मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. म्हणून सकाळी उठल्यावर देवाच्या आधी मी पासच्या कार्डाला हात लावतो. चीफना माझी ही भीती फार आवडायची. "तू माझ्या इंजिन रूममध्ये हवा होतास," म्हणायचे. "न घाबरणारा माणूस तेलाची पातळी बघत नाही." मला ते 'सेकंड' म्हणतात, म्हणजे सेकंड इंजिनियर. आठवी झालेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की तो त्यांच्यासाठी काय वाटेल ते करतो. मीही केलं. त्यांच्याबरोबर इटलीला गेलो.

चीफ वर्षाआड इथल्या मराठी मंडळींची सहल काढत. बँकवाले, हिशेबनीस, कुणाचे पुण्याहून आलेले आईवडील. त्या वर्षी दक्षिण इटलीचा किनारा ठरला: नेपल्स, सोरेंतो, मिनोरी आणि शेवटी सालेर्नो. माणसं अठरा. सगळ्यांना इटली पाहायची होती, पण रात्री वरण-भात हवा होता, म्हणून मी. चीफ स्वतः आमच्या मालकाकडे रजा मागायला आले. मालकानं दिली, पण माझ्याकडे बघत म्हणाला, "सोमवारी सकाळी सहाला तवा तापलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर मी दुसरा माणूस बघून ठेवलाय." तो गमतीत बोलत नाही.

नेपल्सला उतरल्या उतरल्या चीफनी बसमध्ये माईक हातात घेतला. "नेपल्स म्हणजे माझं अंगण. सालेर्नो म्हणजे ओसरी. अकरा वेळा आलोय मी सालेर्नोला, अकरा!" मागून काकू, म्हणजे चीफची बायको, म्हणाल्या, "ह्यांना आमच्या घरात चहाची पावडर कुठं असते ते विचारा आधी." चीफनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी चोरांवर भाषण सुरू केलं. "चोर खिसा बघतो, बॅग बघतो, उशीखाली बघतो. पण आजवर कुठल्या चोरानं चिवड्यात हात घातलाय? पासपोर्ट ठेवायचा तर चिवड्यात!" सगळे हसले आणि आपापले पासपोर्ट कमरेच्या पाकिटांत ठेवले. अठरा जणांत मी एकट्यानंच ते खरं मानलं. मी पासपोर्ट आणि पासचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं, चिवड्याच्या मोठ्या स्टीलच्या डब्याच्या तळाशी ठेवलं आणि वर चिवडा ओतला. हॉटेलात दाखवायला लागला की गुपचूप काढायचो, परत पुरायचो. बाकी वेळी वरचा वर चिवडा वाढायचो.

त्या किनाऱ्याचा रस्ता म्हणजे डोंगराच्या छातीवर नखानं ओढलेली रेघ. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. चीफ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, तळहात बसच्या पत्र्यावर टेकवून, कंप मोजत. वळण आलं की ओरडायचे, "पियानो! पियानो!" म्हणजे हळू. त्यांना इटालियनचे सहा-सात शब्द येत होते, सगळे इंजिनाचे: पंप, तेल, पाणी, गळती, हळू. ड्रायव्हरनं तिसऱ्या वळणाला काळा चष्मा लावला आणि रेडिओ मोठा केला. एका बँकवाल्याची मुलगी आमच्या पाया लेबारकडच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, रिलॅक्स लाह." चीफ म्हणाले, "बेटा, मी रिलॅक्स झालो तर ही बस कोण चालवेल?" प्रत्येक थांब्यावर हजेरी. प्रत्येक ठिकाणाला पंधरा मिनिटं. फक्त सालेर्नोपुढे छापील कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'किल्ल्यावरून बंदर पाहणे, दोन तास.' सहल खरं तर त्या दोन तासांसाठीच काढली होती, पण हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मिनोरीला आम्ही तीन दिवस एका छोट्या लॉजमध्ये होतो. मालकीणबाईंनी मला त्यांचं स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. माझी फोडणी तडतडली की त्या शिंकत शिंकत यायच्या आणि कढईत डोकावून हात जोडायच्या. निघायच्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी काकूंच्या हातात लिंबाच्या सालीच्या बिस्किटांचा डबा दिला. मी तेव्हा बसच्या पोटात कुकर चढवत होतो.

दुपारी सालेर्नोच्या हॉटेलात काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्ट मागितले. मी सामान उघडलं. कुकर होता, तवा होता, मसाल्याचा डबा होता.

"चीफ, चिवड्याचा डबा कुठं दिसला का?"

"बाईंना दिला!" चीफ छाती फुगवून म्हणाले. "त्यांनी बिस्किटं दिली आणि आपण हात हलवत निघायचं? आपल्यात असं नसतं. दोन्ही हातांनी दिला."

मी खाली बसलो.  तोंडातून एवढंच आलं, "त्यात पासपोर्ट होता. तुम्हीच म्हणाला होता, चिवड्यात."

चीफचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. माणूस सत्तर वर्षांचा आहे हे त्या क्षणी कळलं. कोण तरी हसलं, मग कुणीच हसेना. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी नेपल्सहून. शनिवार-रविवार वकिलात बंद. नवीन कागद व्हायचे ते सोमवारनंतर, आणि सोमवारी सहाला तवा. सहलीबरोबर असलेल्या इटालियन गाईड बाईनं लॉजवर चार वेळा फोन केला. घंटा वाजत राहिली. पाहुणे गेले की मालकीणबाई लॉज बंद करून दोन दिवस बाहेर जातात, एवढं मला माहीत होतं; कुठं, ते नव्हतं.

"किल्ल्याची बस तीनला," काकू हळूच म्हणाल्या.

"तू घेऊन जा सगळ्यांना," चीफ म्हणाले. "सेकंड, ऊठ. बोट आहे इथून मिनोरीला."

बोट छोटी, प्रवाशांची. सगळे वरच्या डेकवर फोटो काढत होते. चीफ सरळ खाली जाऊन मागच्या बाकावर, इंजिनाच्या बरोबर वर, डोळे मिटून बसले. मला एका जागी बसवेना. म्हटलं, "वर चला चीफ, वारा तरी लागेल."

"वर बसलं की मला बोट चालल्यासारखी वाटत नाही," ते म्हणाले.  "सेकंड, तुला एक सांगतो. कुणाला बोलू नकोस. मी सालेर्नो पाहिलेलं नाही."

"पण अकरा वेळा..."

"अकरा वेळा आलो, अकराही वेळा खाली होतो. जहाज बंदराला लागलं की वरचे लोक गावात जातात. आम्ही पिस्टन उघडतो. इंजिन बंद असतं ते बंदरातच, मग दुरुस्ती तेव्हाच करायची ना. नेपल्सला एकदा धक्क्यावरच्या टेलिफोनपर्यंत गेलो होतो, मुलगी झाली तेव्हा. तेवढंच माझं नेपल्स." घाम पुसून म्हणाले, "म्हटलं, एकदा वरून बघावं, कुठं येत होतो आपण."

 माझ्यामुळे त्यांचा किल्ला चालला होता. आणि त्यांच्यामुळे माझा पास. दोघंही त्या बाकावर, एकमेकांचे अपराधी, इंजिनाच्या आवाजात शेजारी शेजारी बसून राहिलो.

लॉजला कुलूप. शेजारच्या म्हाताऱ्यानं आमच्याकडे पाहून हातानं वर दाखवलं: डोंगरावर, लिंबाच्या बागांत, बहिणीकडे. वर म्हणजे पायऱ्या. मी तीनशेपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. चीफचे गुडघे प्रत्येक पायरीला वाजत होते. मी म्हणालो, "तुम्ही थांबा, मी जाऊन येतो." "तुला इटालियन येतं का?" म्हणाले. मला वाटलं, तुम्हाला तरी कुठं येतं? पण त्यांच्या मागं चढत राहिलो. परतीची शेवटची बोट साडेपाचला होती.

वर एका मांडवाखाली चार बायका टेबलाभोवती बसल्या होत्या आणि मध्ये माझा डबा. वाट्यांमध्ये चिवडा, वाइनचे पेले, प्रत्येकीच्या डोळ्यांत पाणी; माझा हात तिखटाला सैल आहे. आम्हाला पाहून मालकीणबाई आनंदानं किंचाळल्या. खुर्च्या आल्या, सरबत आलं, आमच्याही पुढं वाट्या आल्या.

"मागा ना, चीफ," मी कुजबुजलो.

"कसं मागू? दोन्ही हातांनी दिलेला डबा परत मागायचा? काय म्हणतील? आणि कुणाच्या ताटात हात घालायचा का?"

"मग?"

चीफनी डब्यात डोकावून पाहिलं. चार बोटं चिवडा शिल्लक होता. मग इंजिन रूममधला हुकूम सुटावा तसे हळू पण ठाम म्हणाले, "खा. तळ गाठायचाय."

मी खाल्ला. आयुष्यात माझाच चिवडा मला कधी इतका कडू लागला नव्हता.  सरबताच्या घोटाबरोबर ढकलत होतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. पावणेपाच. चीफ मूठ मूठ भरत होते. मध्येच इटालियनमध्ये म्हणाले, "तेल! पाणी! हळू!" बायकांना वाटलं, पाककृती सांगतायत. एकीनं कागद-पेन्सिल आणली. पाहुण्यांची भूक पाहून त्यांनाही चेव आला, त्याही खायला लागल्या. शेंगदाणे संपले, खोबरं संपलं, पोहे खाली खाली जाऊ लागले. पाच वाजता मालकीणबाईंच्या चमच्याला काही तरी लागलं. त्यांनी पिशवी वर उचलली, झटकली, उघडली. फोटो पाहिला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला. मग त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली, आणि माझे हात सोडलेच नाहीत, कारण मी रडत होतो. चीफ उगाच मांडवाचा खांब हलवून बघत म्हणाले, "हा पडणार आहे."

उतरताना ते एक एक पायरी आडवे होऊन, माझ्या खांद्याला धरून उतरले. बोटीचा दोर सोडायला आणि आम्ही चढायला एकच गाठ पडली. पासपोर्ट मी शर्टाच्या आत पोटाशी धरला होता. चीफ सवयीनं खालच्या जिन्याकडे वळले. पहिल्यांदाच मी त्यांना न विचारता त्यांचा दंड धरला आणि वर नेलं. कठड्यापाशी उभं केलं. ऊन कलतं झालं होतं. किल्ला बंद व्हायची वेळ होऊन गेली असणार. हळूहळू सालेर्नो जवळ आलं: धक्का, क्रेन, त्यामागे घरांच्या रांगा, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, समुद्राकाठी आइसक्रीम खात फिरणारी माणसं, एक लग्नाची वरात फोटो काढताना.

चीफ कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गाव आहे की रे इथं."

सोमवारी सहाला माझा तवा तापलेला होता. मंडळींना चीफनी सांगितलं, आम्ही बोटीचं इंजिन बघायला गेलो होतो. त्या पायऱ्यांनी त्यांचे गुडघे घेतले. त्यानंतर सहल निघाली नाही. नोव्हेना भागातल्या डॉक्टरांकडे मीच नेतो त्यांना, माझ्या आठवड्याच्या सुट्टीला. परवा तिथून येताना म्हणाले, समुद्रावर चल. किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो. समोर क्षितिजापर्यंत जहाजं उभी होती, बंदरात जायची वाट बघत, मोजायला लागलं तर संपू नयेत इतकी. मला वाटलं, चीफ आता सांगतील कुठल्याचं काय बिघडलंय.  पण त्यांनी नुसता हात वर केला आणि हलवला. कुणाला ते मी विचारलं नाही. डेकवर तर कुणीच दिसत नव्हतं.