शेवटचं प्रकरण माझं आहे

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ते पुस्तक कदाचित वाचलं असेल – आणि वाचलं असेल तर त्याच्या शेवटासाठी माझ्या नवऱ्याचं कौतुकही केलं असेल.

मनोहर कळंबला शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही यवतमाळला राहायला आलो, आणि थोड्याच काळात साखरेनं त्यांची नजर नेली. दुसरा एखादा खचला असता. हे मात्र कादंबरी सांगायला बसले. सकाळचा चहा झाला की ते बोलायचे, मी कॉम्प्युटरवर टाइप करायची. मी जन्मभर कोर्टात टायपिस्ट होते – दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवणं, हेच माझं काम.

कादंबरी हजारो वर्षांनंतरची. जग अंधारात गेलेलं, यंत्र म्हणजे काय हेच माणसं विसरलेली. एका धरणाच्या भिंतीत वीज तयार करणारं जुनं यंत्र उरलंय, पण गाव त्याला देव मानतं. रेवा नावाची मुलगी त्याला रोज तेल घालते, शेंदूर लावते. मग दूरदेशाहून एक विद्वान येतो, आणि त्याला कळतं की हा देव नाही. त्यांनी सांगितलेला शेवट असा होता – विद्वान एकटाच आत जातो, यंत्र सुरू करतो, गावभर दिवे लागतात आणि रेवा त्याच्या पाया पडते.

माझी बोटं थांबली. मी म्हटलं, "रेवाले एखादं वाक्य तरी द्या नं. तिनंच तर सांभाळलं ते."

ते हसले. "तिले काय कळते त्यातलं? तू लिही, मी सांगून राह्यलो तसं."

लिहिलं. पण प्रकाशकाला पाठवायच्या आधी, दुपारी ते झोपले असताना, मी ते प्रकरण पुसलं आणि माझं लिहिलं. माझ्या प्रकरणात रेवा दारात आडवी उभी राहते. म्हणते, एकट्याला आत जाऊ देणार नाही. मागेही हे चालवणं एकालाच येत होतं, तो मेला आणि आम्ही अंधारात पडलो. आधी आम्हाला शिकव, मग सुरू कर. पुस्तकात ते यंत्र सुरू होतच नाही. गाव शिकायला बसतं, तिथंच पुस्तक संपतं.

रागानं केलं का? असेल. पण नुसत्या रागानं एवढं चांगलं लिहून होतं का? तो शेवट त्यांच्यापेक्षा सरस आहे, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर म्हणेन. त्याचा मला पश्चात्ताप नाही. कबूल करायचं आहे ते वेगळंच.

पुस्तक निघालं. वाचनालयात त्यांचा सत्कार ठेवला. मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि मागे उभी राहिले. भाषणं झाली, आणि बाभुळगावहून आलेली एक नर्स उठून म्हणाली, "सर, तुमची रेवा दारात आडवी उभी राह्यली नं, तिथं मी लई रडली. कसं सुचलं तुमाले?"

मग ते सावकाश म्हणाले, "लेखकाले सगळंच माहीत असते असं नाही, बाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर ते पलंगावर बसले आणि म्हणाले, "शेवट वाचून दाखव मले."

मी पुस्तक घेतलं. शेवटचं प्रकरण उघडलं. समोर माझी रेवा दारात उभी होती – आणि मी तोंडानं त्यांचा शेवट म्हटला. त्यांनी सांगितलेला, शब्दन् शब्द. विद्वान आत गेला, दिवे लागले, रेवा पाया पडली. आवाज जराही हलला नाही. त्यांनी हात पुढे केला, पानावरून बोटं फिरवली.

"हेच छापलं आहे?"

"हो."

"मग ते बाई काय म्हणून राह्यली होती?"

"तिचा काहीतरी घोटाळा झाला असेल," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले.

आंधळ्या माणसाला त्याचंच पुस्तक खोटं वाचून दाखवलं, आणि खरं वाचलेल्या बाईला खोटी ठरवलं. हा माझा गुन्हा. तेव्हा मी खरं का बोलले नाही? भांडण झालं असतं, एवढंच ना? त्यांनी पुढच्या आवृत्तीत त्यांचा शेवट लावायला सांगितला असता. ते मला नको होतं. रेवाला मी बोलायला लावलं आणि स्वतः घाबरले.

त्यांना कळलं होतं का? त्यानंतर कोणी शेवटाचं कौतुक केलं की ते हसायचे आणि मी जिकडे बसलेली असेन तिकडे तोंड वळवायचे. पुन्हा कधी वाचायला सांगितलं नाही. मीही विषय काढला नाही.

ते जाऊन आता दोन वर्षं झाली. प्रकाशक नवी आवृत्ती काढतो आहे. काही बदल आहे का, म्हणून त्यानं फोन केला. मी नाही म्हटलं. आहे तसंच छापा, म्हटलं. वर नाव त्यांचं, शेवट माझा – हे त्यालाही माहीत नाही. ते असताना सांगायला सवड भरपूर होती. रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसून चहा घेत होतो. मी सांगितलं नाही.